फक्की

मैदानावर फक्की मारायचं काम माझं.
बेल्डन कॉलेज, आयर्न फोर्क, साल सेहेचाळीस.
दोन खुंट्या, एक दोरी, चाकाची गाडी, चुन्याची गोणी.
त्याआधी दोन वर्षं इटलीत हेच करत होतो,
फक्त चुन्याऐवजी पांढरी फीत
आणि फितीच्या बाहेर सुरुंग.

आमचा फुटबॉल नावालाच पायाचा.
लंबगोल चेंडू काखेत मारायचा आणि पळायचं,
समोरचे अंगावर कोसळेपर्यंत.
त्या वर्षी सरकारने फी भरली
म्हणून खाणकामगारांची पोरं कॉलेजात आली.
पोरं कसली, बापे.
कर्णधार लात्वाला सत्तावीसचा, टक्कल पडत चाललेलं,
सरावाला येताना कडेवर मुलगी,
तिला चेंडूंच्या टोपलीत बसवायचा.
पहिल्या दिवशी ऑसगुड मास्तरांनी शिट्टी फुंकली
तर चौघे जण गवतावर पालथे.
मग उठून गुडघे झटकत हसले.
ऑसगुडनी शिट्टी खिशात टाकली,
पुढचा सबंध मोसम टाळ्यांवर भागवलं.

रुडी मेश्नार सगळ्यांत वेगवान.
पण रेषेबाहेर पाऊल टाकायचा नाही.
कडेला पोचलाय, तिघे अंगावर आलेत,
एक पाऊल बाहेर टाकलं की खेळ थांबतो, हाडं वाचतात,
अख्खा बाक ओरडतोय, बाहेर जा, अरे जा बाहेर,
आणि हा आत वळून त्या तिघांत घुसायचा.
ऑक्टोबरात बरगडी मोडली. मग एक दात.
पेपरने छापलं, वाघाचं काळीज.
मी काही बोललो नाही.
एकदा मी फक्की मारत असताना
तो रेषेशेजारून मागोमाग चालत आला.
म्हणाला, सरळ मारतोस.
म्हटलं, सवय आहे.
म्हणाला, हं.
कुठला डोंगर, कुठली नदी, ते विचारायचं राहिलं.

आठ जिंकलो. एक बरोबरीत सुटला,
त्याची आठवण कोणी काढत नाही.
विजेतेपदाचा सामना तेवीस नोव्हेंबरला
आणि पहाटेपासून बर्फ.
बर्फावर चुना म्हणजे दुधात दूध.
मध्यंतरापर्यंत रुडी सहा वेळा पळाला,
सहाही वेळा मधोमध, पायाखाली बघत,
जिथे गर्दी तिथेच.
आम्ही शून्य, ते सहा.
ऑसगुड त्याला काही बोलले नाहीत.
बाकाच्या टोकाला बसून तो मला म्हणाला,
रेषा कुठाय?

रेल्वेच्या साइडिंगला खनिजाचे डबे उभे होते.
वरचा गोठलेला थर फावड्याने फोडला,
गोणीत लाल भुकटी भरली,
गेरूसारखी, हाताला चिकटणारी,
आयर्न फोर्कच्या बायका
जन्मभर सदऱ्यांतून धूत आल्या ती.
दोरी लावायला वेळ नव्हता.
डावी कड नजरेनेच ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पंचांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं,
गप्प राहिले.

चौथ्या भागात रुडीला चेंडू मिळाला
आणि तो कडेला आला.
लाल रेषेच्या वीतभर आत,
अडुसष्ट यार्ड,
मान वर करून.
मग लात्वालाने बुटाने बर्फ उकरून
वरचा एक गुण मारला. सात-सहा.

घड्याळ संपलं तसं सगळं गाव कुंपणावरून आत.
टोप्या, बाटल्या, कोणाच्या तरी आजोबांचा अकॉर्डियन.
रुडी रेषा संपते तिथे उभा,
बूट जुळवून.
पुढे सगळं पांढरं.

गोणीच्या तळाशी थोडी उरली होती.
त्याच्या बुटांपासून सुरुवात केली
आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत
ओतत नेली.
लोकांना वाटलं, मिरवणूक.
ते टाळ्या वाजवत बाजूला झाले.
मी मागे पाहिलं नाही, फीत टाकताना पाहत नसतात.
बर्फात त्याचे बूट करकरत होते,
माझ्या मागे, जरा डावीकडे.